गरजू पाहिजेत

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वसईकडच्या एखाद्या वृद्धाश्रमाला फोन लावून बघा. "नाताळनिमित्त आमच्या चर्चची मंडळी तुमच्याकडे सेवेला यायचं म्हणताहेत," एवढं बोललं की पलीकडे वही उघडल्याचा आवाज येतो. मग तिथल्या बाई वाचून दाखवतात, "चोवीसला दोन चर्च आहेत. पंचवीसला सकाळी एक बँक, संध्याकाळी कॉलेजची मुलं. सव्वीसला भजनी मंडळ. एकतीसला कुणीतरी गिटार घेऊन येणार आहेत, त्यांना नको म्हणायचं राहून गेलं. अकरा जानेवारीला दुपारी तीन ते चार जागा आहे. पण केक आणू नका."

"का हो?"

"निम्म्यांना डायबेटिस आहे. उरलेल्या निम्म्यांना केकचा वीट आलाय."

"मग पांघरुणं?"

"माणशी तीन आहेत. पावसाळ्यात याल का? छत्र्या लागतात."

पावसाळ्यात आमचा सेवेचा कार्यक्रम नसतो. पावसाळ्यात नाताळ नसतो, उपवासकाळ नसतो, शिवाय चर्चचा हॉल गळतो. ख्रिस्ती माणूस दयाळू असतो की नाही यावर वाद होऊ शकेल, पण असतो तेव्हा तो कॅलेंडर बघून दयाळू असतो, एवढं आमच्या धर्मग्रामापुरतं मी खात्रीनं सांगेन. नाताळच्या आधी चार आठवडे आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आमच्या अंतःकरणाला जो पाझर फुटतो, त्यावर दोन तालुके भिजतील. बाकीच्या दिवसांत मात्र रक्तदानाला रक्तगटासकट माणूस शोधावा लागतो.

याचा दोष आम्ही स्वतःकडे घेत नाही. दुखणं खानदानी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं १६१६ साली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावी व्हिन्सेंट डी पॉल नावाचे फादर रविवारच्या मिस्सेला उभे राहत होते. तेवढ्यात निरोप आला, गावाबाहेर एका घरातली सगळीच माणसं अंथरुणाला खिळली आहेत, पाणी द्यायलाही कुणी उठू शकत नाही. फादरांनी प्रवचनात ते सांगितलं आणि दुपारी स्वतः तिकडे निघाले. रस्त्यात बघतात तो ही झुंबड! गावातल्या बायका टोपल्या भरभरून जाताहेत, रिकाम्या हातांनी परतताहेत, काही उन्हानं दमून वाटेतच टेकल्या आहेत. त्या आजारी घरात त्या एका दिवशी एवढं अन्न येऊन पडलं की अर्धं नासणार हे उघड होतं. आणि परवापासून पुन्हा उपास ठरलेला. दया चिक्कार, बंदोबस्त शून्य, हे फादरांनी तिथल्या तिथे ओळखलं आणि बायकांना वार लावून दिले. आज हिनं स्वयंपाक न्यायचा, उद्या तिनं. आपल्याकडे पुण्याला गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसं इथे गरीब जागेवरच आणि जेवण वार लावून त्याच्याकडे. पुढे व्हिन्सेंटना संतपद मिळालं. त्यासाठी चमत्कार सिद्ध व्हावे लागतात. कोणते धरले मला माहीत नाही, पण मला विचाराल तर स्वयंसेवकांना वार वाटून दिले आणि ते त्यांनी पाळले, एवढा एकच पुरे होता.

त्यांच्या नावाची सोसायटी निघाली ती फार नंतर, १८३३ साली, पॅरिसमध्ये. आज ती जगभरच्या चर्चांत आहे. ती काढणाऱ्यांत पुढे होता फ्रेडरिक ओझानाम, वय वर्षं वीस, कॉलेजात शिकणारा. तो आणि त्याचे मित्र एक वादसभा चालवत. इतिहासावर कडाक्याचे वाद घालत. एकदा समोरच्या पक्षातून कुणीतरी विचारलं, तुमच्या चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज काय करता ते दाखवा. उत्तर सुचेना, तेव्हा मुलांनी सेवा करायचं ठरवलं. आता एक अडचण आली. सेवा करायची गरिबांची, आणि गरीब राहतात कुठे हे एकालाही धड ठाऊक नव्हतं. शेवटी ती मुलं मुफ्तार वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या रोझाली रांद्यू नावाच्या सिस्टरकडे गेली. तिनं घरांचे पत्ते दिले, पावाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि जिने दाखवले.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. पुढे आमच्या मीटिंगांचं वर्णन येईल तेव्हा वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं की जी संस्था वादसभेच्या पोटी जन्मली, तिची मीटिंग वेळेवर संपली तर संस्थापकांचा अपमान होईल.

मीटिंगमध्ये आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. त्याला कारण आहे. आमच्या चर्चमध्ये "अहो डाबरे" म्हटलं की चार बाकांवरच्या माना वळतात, "लोपीस" म्हटलं की सहा, आणि "परेरा" म्हटलं तर खुद्द वेदीवरून कुणीतरी ओ देतं. तुस्कानो आणि रुमाव त्या मानानं बरे, पण तेही भावाभावांनी येतात. म्हणून सेक्रेटरी, खजिनदार, बॅनरवाले, माइकवाले अशी आमची नावं आहेत. माइकवाले पंधरा वर्षांपूर्वी माइक सोडून जपमाळेच्या मंडळात गेले, पण त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर आम्ही माइकवाले असंच लिहिलं होतं.

फादर प्रार्थना म्हणून मीटिंग सुरू करून देतात आणि "मला एक आजारी बघायला जायचंय," असं सांगून निघतात. दर महिन्याला मीटिंगच्याच वेळी गावात कुणीतरी आजारी कसं पडतं, याचा आम्ही तपास केलेला नाही.

पहिला विषय नेहमी बॅनर. मागच्या वेळी मोफत आरोग्य शिबिर घ्यायचं ठरलं. डॉक्टर कोण, औषधं कुठून, हे पाच मिनिटांत झालं, कारण त्यात कुणालाच काही कळत नव्हतं. बॅनर मात्र प्रत्येकाला कळतो. आठ बाय चार की दहा बाय पाच? बिशपांचा फोटो वर की डावीकडे? १९९८ साली मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला, तेव्हापासून आम्हाला बिशप घरचे मिळाले आणि बॅनरवर एक फोटो वाढला. मदर तेरेसा घ्यायच्या का? घ्यायच्या, पण त्या नगरसेवकाच्या शेजारी नकोत. नगरसेवक घ्यायचाच का? मग मंडपाला जागा कोण देणार? शेवटी वर येशू, खाली देणगीदार, मध्ये नगरसेवक, असा बॅनर मंजूर झाला. त्यात ‘मोफत आरोग्य शिबिर’ ही अक्षरं टाकायला जागा कमी पडली, म्हणून तारीख आणि वेळ काढून टाकली. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात दानाचा गाजावाजा करू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं बजावलंय. आमच्या बॅनरवर तो स्वतः दोन्ही हात पसरून उभा असतो, त्यामुळे कुठल्याच हातापासून काही लपत नाही.

गुप्तदानाची सोय आहे हं. ओझानामच्या काळापासूनची रीत आहे की मीटिंगच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते. तिच्यात बंद मूठ घालायची, उघडी बाहेर काढायची. कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही. दहा हजार टाकणारा आणि दहा रुपये टाकणारा सारखेच. निदान कल्पना तशी आहे. आमच्या खजिनदारांची श्रवणशक्ती मात्र वयाबरोबर तीक्ष्ण होत गेलेली आहे. पिशवीत नाणं पडलं की ते मान वर न करता कुणाचं ते ओळखतात आणि डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. दोन वर्षांपूर्वी तरुण मंडळींनी सुचवलं की आता कुणी रोख बाळगत नाही, पिशवीच्या जोडीला क्यूआर कोड ठेवू. ठेवला. पहिल्याच मीटिंगमध्ये पिशवी बॅनरवाल्यांपाशी आली, त्यांनी मोबाइल लावला आणि कोपऱ्यातल्या साउंडबॉक्सनं खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला सांगितलं, "ग्यारह रुपये प्राप्त हुए." उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणता म्हणता बाहेर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही कळलं. त्यानंतर पिशवी पुन्हा एकटीच फिरते.

शिबिर कुठे घ्यायचं? आमच्याकडे एके काळी चर्च जास्त की केळीच्या वाड्या, असा प्रश्न पडायचा. आता दोन्हींच्या बेरजेपेक्षा टॉवर जास्त आहेत. फादरांचं म्हणणं, आपण आपल्यातच फिरतो, नव्या लोकांकडे गेलं पाहिजे. म्हणून वाडीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सची निवड झाली. परवानगी काढायला आम्ही पाचजण गेलो. गेटवर वॉचमन.

"किसके यहाँ जाना है?"

"सगळ्यांकडे," सेक्रेटरी म्हणाले.

त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर, कामाचं स्वरूप. सेक्रेटरींनी शेवटच्या रकान्यात ‘सेवा’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. वॉचमननं वाचलं आणि विचारलं, "एसी का, के आरओ का?"

सोसायटीच्या चेअरमननी आम्हाला ऑफिसात बसवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शुगर मोफत, बीपी मोफत, डोळे मोफत. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गडद होत चालला होता. आजच्या काळात मोफत या गोष्टीइतकी संशयास्पद दुसरी गोष्ट नाही. "पॉलिसी वगैरे विकणार का शेवटी?" नाही. "निवडणूक?" नाही. मग त्यांनी जरा चाचरत, खिडकीबाहेर बघत, तो दुसरा प्रश्न विचारला, जो विचारला जाणार हे आम्हाला गेटवरच ठाऊक होतं. खजिनदार शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्हाला आमचीच पोरं रविवारी मिस्सेला उठवता येत नाहीत. तुमची कुठून उठवणार?" चेअरमन खो खो हसले. त्यांचाही मुलगा सकाळी आरतीला उठत नव्हता. परवानगी मिळाली.

एवढं झाल्यावर चहा आला, आणि मला १८९० साल आठवलं. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये तेव्हा व्याख्यानाला म्हणून बडी बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. मिशननं साधा चहा आणि बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली. मग गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर मंडळींची नावं छापून आणवली आणि पुण्यात हलकल्लोळ झाला. ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, त्यांनी चौकशीला आयोग नेमला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं आणि ते घेतलं म्हणून सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. मराठी मुलखात चर्चनं शेजाऱ्यांसाठी आजवर पुष्कळ काही केलं असेल, शाळा काढल्या, दवाखाने काढले. पण एका कपाचा एवढा परिणाम दुसऱ्या कुठल्याही उपक्रमाचा झालेला नाही. आमच्या बाबतीत चहा यजमानांनी पाजला आणि चर्चवाल्यांनी प्यायला. प्रायश्चित्त कुणालाच घ्यावं लागलं नाही. फक्त साखर फार होती.

ती साखर नंतर भोवली. शिबिराच्या दिवशी बॅनरवर तारीख नसल्यामुळे कॉम्प्लेक्समधून मोजकी माणसं आली. त्यातले एक गृहस्थ पाणीपट्टी भरायची रांग समजून उभे होते. डॉक्टर मोकळे, पट्ट्या भरपूर, म्हणून स्वयंसेवकांनी एकमेकांची बोटं टोचायला घेतली. सेक्रेटरींची शुगर पाहून डॉक्टरांनी त्यांना तिथल्या तिथे खुर्चीत बसवलं आणि हातातली जिलेबी काढून घेतली. तीन पदाधिकाऱ्यांना रक्तदाब निघाला. बॅनरवाल्यांना लांबचं दिसत नाही असं निष्पन्न झालं, आणि आमच्या बॅनरवरच्या शुद्धलेखनाचं कोडं उलगडलं. अहवालात आम्ही ‘शिबिराचा अनेकांनी लाभ घेतला’ असं लिहिलं. ते खरंच होतं.

आमच्याकडे रोझाली सिस्टरच्या जागी एक मावशी आहेत. त्यांना पद नाही. पूर्वी त्या पहाटेच्या लोकलनं भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायच्या. गुडघे गेले, टोपल्या सुटल्या, पण पहाटे तीनला उठायची सवय सुटली नाही. म्हणून त्या गावात फिरतात. कुणाच्या घरातला दिवा रात्रभर जळत होता, कुणाच्या दारात दुधाची पिशवी उन्हं येईपर्यंत पडून होती, हे त्यांना मिस्सेच्या आधी माहीत असतं.

घरभेटीला दोघांनी जायचं असा सोसायटीचा जुना नियम आहे. एकदा सेक्रेटरी आणि मावशी अशी जोडी लागली. मागे मी, पिशवी धरायला. सेक्रेटरींकडे चार पानी फॉर्म होता. कुटुंबप्रमुखाचं नाव, मासिक उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग, घर स्वतःचं की भाड्याचं, यापूर्वी मदत मिळाली आहे का, असल्यास कोणाकडून व कशासाठी. घरातली बाई उत्तरं देता देता आक्रसत चालली होती. मावशींनी काहीच विचारलं नाही. "पाणी पिते गं," म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि फडताळातले डबे एकेक हलवून पाहिले. डब्यांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळलं. तांदूळ होते, तेल नव्हतं, आणि गोळ्यांच्या पाकिटातल्या अर्ध्या गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या जात होत्या. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "सेक्रेटरी, फॉर्म मिटवा. हिनं माशाचं कालवण टाकलंय. आता न जेवता उठलात तर तिला वाईट वाटेल." आम्ही गरजूंच्या घरी भेटीला गेलो आणि भरपेट जेवून, वर सुकेळ्यांची पुडी घेऊन परत आलो. फॉर्मच्या शेवटी ‘दिलेली मदत’ असा रकाना होता. सेक्रेटरींनी तो रिकामा सोडला. ‘मिळालेली मदत’ असा रकाना फॉर्मवर नव्हता. तेल आणि गोळ्या मावशींनी संध्याकाळी परस्पर पोचवल्या, त्यामुळे त्या कुठेच नोंदल्या गेल्या नाहीत.

तरुणांचा उपक्रम वेगळा. त्यांना पर्यावरण आवडतं. वसईत बावखलं आहेत. गोड्या पाण्याची ही तळी वाडीवाडीला असायची, पानवेली आणि केळी त्यांच्यावर पोसल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, तेव्हा आम्ही सगळे घोषणा द्यायला होतोच. पुढे बिल्डर आले तेव्हा वाड्या विकायलाही आम्हीच होतो, पण ते असो. उरलेल्यांतलं एक बावखल दुसऱ्या मिस्सेनंतर साफ करायचं ठरलं. चाळीस तरुण जमले. चाळीस टी-शर्ट, चाळीस टोप्या, चाळीस जोड हातमोजे आणि तीन फावडी. आधी फोटो. मग ड्रोन आला, ड्रोनसाठी पुन्हा फोटो. काठावरच्या गाळात पहिला पाय टाकणाऱ्याचा बूट आतच राहिला, त्याला काढण्यात अर्धा तास गेला. शेजारच्या वाडीतले एक आजोबा, आमच्या चर्चचे नव्हेत, विठ्ठलाचे, हा सोहळा बांधावरून बघत होते. त्यांना बहुधा असह्य झालं. घरून लांब बांबूला बांधलेला कोयता आणि दोरी घेऊन आले, लुंगी वर खोचली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मी जलपर्णी ओढून काठाला लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर त्यांचा फोटो घेतला. तो धर्मप्रांताकडे पाठवलेल्या अहवालात आहे, खाली ओळ आहे: ‘लाभार्थ्यासह आमचे स्वयंसेवक’.

तसं पाहिलं तर वसईच्या चर्चांचा उर्वरित महाराष्ट्राशी सगळ्यात टिकाऊ संबंध कुठल्याच समितीनं जोडलेला नाही. तो चिमाजी आप्पांनी जोडला. १७३९ साली किल्ला पडला आणि मराठे इथल्या चर्चांच्या घंटा घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. बॅनर लागला नाही, अहवाल लिहिला नाही, देणगीदाराची संमती घेतली नाही, पण देणगी मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षं वापरात आहे. मी भीमाशंकरला गेलो तेव्हा ती घंटा वाजवून पाहिली. आवाज उत्तम. आमच्या चर्चमध्ये हल्ली रेकॉर्ड लावतात.

समित्यांकडून काही होतच नाही, असं म्हणायचा माझा मुळीच हेतू नाही. १९१८ साली मोन्सिनियर मोनीस यांनी इथल्या शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला पतपेढी काढली. तिची आज मोठी बँक झाली आहे. मिस्सेला न जाणारा माणूसही तिथे पासबुक घेऊन श्रद्धेनं उभा असतो. तेव्हा मीटिंग घेणाऱ्यांतून कधी काय निघेल सांगता येत नाही. निघायला शंभर वर्षं लागतात, इतकंच.

आणि कधी मीटिंग न घेताही निघतं. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं. गाड्या बंद, वीज गेलेली, मिठागरांत माणसं अडकलेली. चर्च जरा उंचावर असल्यामुळे हॉलमध्ये पाणी नव्हतं, वरून गळत होतं तेवढंच. कुणी कुणाला बोलावलं नाही. मोबाइल मेलेले होते, बोलावणार कसे? मावशी पहाटे तीनला उठून गुडघाभर पाण्यातून हॉलवर आल्या आणि त्यांनी चूल पेटवली. मागोमाग बायका आल्या, त्यांच्या मागे कॉम्प्लेक्सचे चेअरमन आले, कारण त्यांच्या तळमजल्यावरची कुटुंबं जिन्यात बसली होती. त्यांच्या सोसायटीच्या गणपती मंडळाची मोठी पातेली आली. बावखलावरचे आजोबा दोरी घेऊन आले, ती या खेपेला माणसं ओढायला लागली. बॅनरवाल्यांनी गळती थांबवायला आधीच्या शिबिरांचे सगळे बॅनर छपरावर अंथरले, त्यामुळे बिशप, नगरसेवक आणि देणगीदार तीन दिवस प्रत्यक्ष उपयोगी पडले. खिचडी सतत शिजत होती. कोण वाढत होतं आणि कोण खात होतं याचा हिशेब राहिला नाही, कारण ज्यानं वाढलं तोच नंतर ताट घेऊन रांगेत बसत होता.

हिशेब राहिला नाही, हीच पुढे अडचण झाली. वार्षिक अहवालाच्या मीटिंगला खजिनदारांनी तक्ता काढला. उपक्रमाचं नाव? नव्हतं. बॅनरचा खर्च? निरंक. फोटो? एकही नाही. पावत्या? तांदूळ कुणी कुणाच्या घरून आणले ते ठाऊक नाही. लाभार्थींची संख्या? इथे वाद सुरू झाला. खजिनदारांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि ते तीन दिवस खिचडीवर होते, मग त्यांना स्वयंसेवकांत धरायचं की लाभार्थींत? दोन्हीकडे धरलं तर बेरीज चुकते. कुठेच धरलं नाही तर ते रुसतात. सेक्रेटरींनी उपसमितीची सूचना मांडली. बॅनरवाल्यांनी अनुमोदन दिलं. फादरांना एक आजारी आठवला.

शेवटच्या बाकावरून मावशी म्हणाल्या, "ते जाऊ द्या. माझी परात कुठाय?"

"कोणती परात?"

"पितळेची. कणीक मळायची मोठी. पुरात मी आणली होती, ती परत आलेली नाही."

चौकशी झाली. परात कॉम्प्लेक्समध्ये गेली होती असं कुणीतरी सांगितलं. तिथून ती गणपती मंडळाकडे गेली. महाप्रसादाच्या दिवशी शिऱ्यासकट दिसली होती. नंतर ती आजोबांच्या वाडीत भाताचं बी भिजवायला होती, आणि तिथून दिंडीबरोबर पुढे गेली असं म्हणतात. परातीवर नाव घातलेलं नव्हतं. आमच्या चर्चमधल्या बाकांवर, पंख्यांवर, स्टीलच्या बादल्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, ही एकच वस्तू बिननावाची निघाली. खजिनदार म्हणाले, वसईतून धातूची वस्तू एकदा बाहेर गेली की ती परत येत नसते, हे आपल्याला १७३९ पासून माहीत आहे. मावशी म्हणाल्या, ते मला सांगू नका, परात आणा.

पिशवी फिरली, नाणी वाजली, आणि खजिनदारांनी ताळेबंद पुरा केला. पुराच्या रकान्यात जमा नाही, खर्च नाही, लाभार्थी ‘उपसमितीकडे विचाराधीन’. खाली एकच ओळ आहे आणि ती दर वर्षी ऑडिटर खुणा करून परत पाठवतो: ‘येणे बाकी — परात, नग एक.’